मुलांमधला सिस्टेमिक स्क्लेरोसिस: पहिल्या संशयापासून उपचारांची घडी बसेपर्यंत

शाळेतून पहिली तक्रार येते ती बहुतेकदा अक्षराची. पेन नीट धरवत नाही, फळ्यावरचं उतरवून होत नाही, शर्टाचं वरचं बटण आईला लावून द्यावं लागतं. त्याआधी हिवाळ्यात बोटं पांढरी पडत असतात, पण थंडीनं होतं म्हणून ते कुणी मनावर घेतलेलं नसतं. मग बोटं सुजल्यासारखी आणि पुढे ताणल्यासारखी, चकचकीत दिसू लागतात. त्वचेचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, परत त्वचेचे डॉक्टर अशा फेऱ्यांमध्ये वर्षभर सहज निघून जातं.

ज्यांच्या मुलाच्या केसपेपरवर नुकतंच 'स्क्लेरोडर्मा?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं गेलंय, त्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. असं मूल पहिल्यांदाच बघणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांनाही याचा उपयोग व्हावा. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. मुलांचे डोस वजन आणि उंचीवरून ठरतात, आणि लेखातला आकडा बघून कुणी गोळी अर्धी करू नये.

आजाराबद्दल आधी थोडक्यात. शरीराची प्रतिकारशक्ती बिघडते, बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि त्वचेत, आतड्यात, फुफ्फुसांत, कधी हृदयाच्या स्नायूत कोलॅजन नावाचा तंतू गरजेपेक्षा जास्त साठत जातो. ती जागा मग कडक होते. हा संसर्गजन्य नाही, एकाच ताटात जेवल्यानं होत नाही, गरोदरपणात आईनं काही खाल्लं म्हणून झालेला नाही. १६ वर्षांच्या आत सुरू झाला तर त्याला बालवयातला सिस्टेमिक स्क्लेरोसिस म्हणतात. मुलींमध्ये जास्त दिसतो आणि फार दुर्मीळ आहे: ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या पाहणीत वर्षाला दहा लाख मुलांमागे एकही नवा रुग्ण भरला नाही. तुमच्या डॉक्टरांनी याआधी असं मूल पाहिलेलं नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही.

पायरी १: कोणता स्क्लेरोडर्मा, हे आधी विचारा

घरी आल्यावर सगळे मोबाइलवर 'स्क्लेरोडर्मा' शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत. थांबा. या एका नावाखाली दोन वेगळे आजार येतात. मुलांमध्ये जो जास्त दिसतो तो मॉर्फिया, म्हणजे जागेपुरता स्क्लेरोडर्मा. एका पायावर लांब पट्टा, पाठीवर गुळगुळीत चट्टा किंवा कपाळावरून केसांत गेलेली खाच, असं त्याचं रूप. तो हातापायाची वाढ खुंटवू शकतो, सांधा आखडवू शकतो, त्यामुळे त्यालाही वेळेवर उपचार लागतात. पण तो पुढे सिस्टेमिक होत जातो ही भीती बहुतेक वेळा निराधार असते.

सिस्टेमिक प्रकार, म्हणजेच सिस्टेमिक स्क्लेरोसिस, दोन्ही हातांच्या बोटांपासून सुरू होतो आणि वर चढतो. सोबत थंडीत बोटांचा रंग बदलतो. या लेखात पुढे आहे ते सगळं याच प्रकाराबद्दल आहे. केसपेपरवर नुसतं 'स्क्लेरोडर्मा' लिहिलं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: मॉर्फिया की सिस्टेमिक?

पायरी २: घरी हात नीट बघा

रंग बदलण्याला रेनॉडचा झटका म्हणतात. बोटं आधी पांढरी, मग निळसर-जांभळी आणि ऊब मिळाली की लाल होतात. तिन्ही रंग दिसतीलच असं नाही. सावळ्या हातावर पांढरेपणा कळत नाही, म्हणून नखाखालचा भाग आणि तळव्याकडची बाजू बघा. बोट जिथपर्यंत फिकं आहे तिथे रेघ ओढल्यासारखी हद्द दिसते. झटका फ्रिजमधली बाटली धरल्यावर, एसीच्या बसमध्ये, पावसात भिजल्यावर, परीक्षेच्या ताणानंही येतो. नाशिक-जळगावची थंडीच लागते असं काही नाही. झटका आला की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ओपीडीत पोचेपर्यंत हात पूर्ववत झालेले असतात, आणि तो एक फोटो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

वयात येणाऱ्या मुलींमध्ये नुसता रेनॉड असणं तसं नवलाचं नाही, आणि पुष्कळदा तो निरुपद्रवी असतो. बोटाच्या टोकाला बारीक खड्डा किंवा बरी न होणारी जखम असली, किंवा कातडी घट्ट झाली असली, तर मात्र थांबू नका.

कातडी बघायची रीत सोपी आहे. मुलाच्या बोटाच्या पाठीवर, मधल्या पेरावर, दोन बोटांनी हलकी चिमटीत धरून बघा. निरोगी कातडी उचलली जाते आणि सुरकुतते. इथे ती खालच्या हाडाला चिकटल्यासारखी लागते, चिमटीत येतच नाही. मग हाताची पाठ, मनगट, कोपरापर्यंतचा हात, असं वर जा. बोटांच्या मुळापाशी जे सांधे असतात, त्यांच्या वर, म्हणजे मनगटाच्या बाजूला, कातडी घट्ट झाली आहे का, यावर निदान फिरतं. शेजारी भावंडाचा हात धरून तुलना करा, फरक लगेच कळतो.

मुलाला नमस्कार करायला सांगा. तळवे आणि बोटं पूर्ण जुळतात का? तोंड उघडून त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का? घास अडकतो, आंबट पाणी वर येतं, पळताना भावंडांच्या मागे पडतं, वजन वर्षभर हललेलं नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात: यातलं काही असेल तर कागदावर तारखेसह लिहा. वजनाची नोंद शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावरही सापडते.

पायरी ३: याच्यासारखे दिसणारे आजार

टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांचे हात आखडतात, त्यांचाही नमस्कार जुळत नाही. घशाच्या संसर्गानंतर मानेची आणि खांद्याची कातडी अचानक कडक होते, त्याला स्क्लेरिडिमा म्हणतात. त्यात बोटं सहसा वाचतात, रेनॉड नसतो आणि बऱ्याच मुलांमध्ये तो आपोआप ओसरतो. त्वचा-स्नायूंचा डर्मॅटोमायोसायटिस, आणि अनेक आजारांची सरमिसळ असलेला मिश्र संयोजी-ऊती आजार हे जवळचे नातेवाईक. मुलांमध्ये असं मिश्रण बरंच दिसतं, म्हणून निदानाचं नाव सहा महिन्यांनी बदललं तर डॉक्टर चुकले असं समजू नका.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. या आजारात कातडीवर काळे-पांढरे ठिपके मिसळून येतात, आणि बोटांना जखमा होतात. ते बघून कुणी कुष्ठरोग म्हणतं, कुणी कोड. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. इथे कळतो, उलट बोटांच्या जखमा फार दुखतात. शंका असेल तर तपासून घ्यावं आणि नातेवाइकांची कुजबुज तिथेच थांबवावी.

पायरी ४: निदान पक्कं करणं

जवळ बालसंधिवाततज्ज्ञ असतील तर थेट त्यांच्याकडे. नसतील तर मोठ्यांचे संधिवाततज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळून बघतील असं मोठं रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा. जाताना बोटांना मेंदी आणि नखांना नेलपॉलिश नको. ही बारीकसारीक सूचना वाटेल, पण अख्खी फेरी वाया जाऊ शकते, कारण नखाच्या मुळाशी असलेली कातडी ही या आजाराची खिडकी आहे.

तिथे डॉक्टर तेलाचा किंवा जेलचा थेंब टाकतात आणि डर्मॅटोस्कोप नावाचं भिंग किंवा खास सूक्ष्मदर्शक लावून बघतात. निरोगी माणसात केसाच्या पिनांसारख्या बारीक रक्तवाहिन्या ओळीनं उभ्या दिसतात. या आजारात काही फुगून कित्येक पट जाड झालेल्या, मध्येच काही जागा पार रिकाम्या, कुठे रक्ताचे ठिपके. दुखत नाही, सुई नाही, पाच-दहा मिनिटांत होतं. रेनॉड निरुपद्रवी आहे की मागे आजार आहे, याचा सगळ्यात चांगला अंदाज यावरूनच येतो. मुलाला पडद्यावर बघू द्या. नखं कुरतडायची सवय त्यानंतर कमी होते, आणि कुरतडलेल्या नखांमुळे चित्र बिघडतं हेही त्याला कळतं.

रक्तात एएनए तपासतात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी). ती इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीनं करून घ्यावी, आणि पॉझिटिव्ह आली तर पुढची प्रतिपिंडं बघावीत: एससीएल-७०, सेंट्रोमियर, पीएम-एससीएल, यू-१ आरएनपी. मोठ्यांमध्ये सेंट्रोमियर बरंच सापडतं, मुलांमध्ये कमी. एएनए निरोगी मुलांमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे लॅबच्या रिपोर्टवर लाल अक्षर दिसलं म्हणजे आजार ठरला असं होत नाही. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच, असंही नाही.

२००७ साली युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मुलांसाठी वेगळे निकष ठरवले. बोटांच्या मुळाच्या सांध्यांच्या वरची कातडी कडक असणं हा मुख्य निकष. त्याशिवाय २० गौण निकषांच्या यादीतले किमान दोन हवेत. त्या यादीत रेनॉड, बोटांच्या जखमा, नखाजवळच्या रक्तवाहिन्यांतले बदल, अन्न वर येणं, फुफ्फुस, हृदय, मूत्रपिंड, स्नायू, प्रतिपिंडं असं सगळं आहे. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडायला केले होते. सुरुवातीच्या टप्प्यातलं मूल त्यांत बसत नसेल, तर त्याला मोकळं सोडायचं नसतं, दर काही महिन्यांनी परत बघायचं असतं. रेनॉड, पॉझिटिव्ह एएनए आणि बिघडलेल्या रक्तवाहिन्या हे तिन्ही असलेलं मूल म्हणजे असंच 'नजरेखाली ठेवायचं' मूल.

बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणं? बहुतेक मुलांना लागत नाही. घाईनं करू नये.

पायरी ५: आत काय चाललंय ते बघा

माझ्या मते पालकांकडून इथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कातडी डोळ्यांना दिसते, म्हणून घरातले सगळे कातडी मऊ झाली का एवढंच विचारतात. मुलाच्या जिवाला धोका असतो तो हृदय आणि फुफ्फुसांकडून, आणि तिथला बिघाड सुरुवातीला काहीही जाणवू देत नाही. म्हणून तपासण्या त्रास नसतानाही करायच्या, आणि ठरल्या तारखेला करायच्या.

फुफ्फुसांसाठी फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री. पाच-सहा वर्षांचं मूल सरावानं ती करू शकतं. सोबत वायू किती शोषला जातो ते दाखवणारी डीएलसीओ; तिला जरा मोठं, समजदार मूल लागतं. तोंड घट्ट झालेल्या मुलाचे ओठ नळीभोवती नीट बसत नाहीत, हवा निसटते आणि आकडा खोटा कमी येतो. तंत्रज्ञांना आधीच सांगा. हिमोग्लोबिन कमी असलं तरी डीएलसीओ कमी दिसते, म्हणून त्याच दिवसाचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत ठेवा.

आणि आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मूल वाढतं, त्याची फुफ्फुसंही वाढायला हवीत. नवव्या वर्षी दीड लिटर आणि अकराव्या वर्षीही दीडच लिटर, हे 'स्थिर' नाही, घसरलेलं आहे. लिटरपेक्षा त्या उंचीच्या मुलाशी तुलना करणारी टक्केवारी बघा, आणि जुने रिपोर्ट फाइलमध्ये तारखेनं लावून ठेवा.

सुरुवातीला छातीचा हाय-रिझोल्यूशन सीटी एकदा करतात. त्यात किरणोत्सर्ग असल्यानं तो उगीच पुन्हा पुन्हा नको. हृदयासाठी ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), गरज पडली तर होल्टर (दिवसभर चालणारा ईसीजी) किंवा एमआरआय. स्नायूंसाठी रक्तातलं सीके, ते स्नायूंना इजा झाली की वाढतं. मूत्रपिंडांसाठी लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन. सहा मिनिटं चालायची तपासणी रुग्णालयाच्या लांब कॉरिडॉरमध्ये होते. तेव्हा बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा अशा मुलांमध्ये चुकीचा आकडा दाखवू शकतो, कारण बोटात रक्तच नीट पोचत नाही. कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायला सांगा. घरच्या पल्स ऑक्सिमीटरवर ८८ बघून घाबरण्याआधी हात ऊबदार करून परत बघा. मुलाला धाप लागत असेल तर मात्र आकड्याची वाट बघू नका.

बीपी प्रत्येक भेटीत, मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्यानं. सात वर्षांच्या मुलाचं १२०/८० हे मोठ्यांच्या हिशेबानं नॉर्मल, त्याच्या हिशेबानं वाढलेलं. नेहमी ९० असणारं वरचं बीपी एकदम १२० झालं तर ती बातमी आहे.

त्वचेचे गुण १७ ठिकाणी चिमटीनं तपासून प्रत्येकी शून्य ते तीन असे देतात, एकूण ५१ पैकी. निरोगी मुलांनाही त्यात काही गुण मिळतात, म्हणून एका भेटीच्या आकड्यापेक्षा एकाच डॉक्टरांनी केलेल्या लागोपाठच्या नोंदी महत्त्वाच्या.

पायरी ६: औषधं

आजार मुळासकट घालवणारं औषध आज नाही. प्रतिकारशक्ती आवरणारी, रक्तवाहिन्या उघडणारी आणि त्या-त्या अवयवाला जपणारी, अशी तीन प्रकारची औषधं एकत्र चालतात.

त्वचा आणि सांध्यांसाठी बहुधा मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज दिलं गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि ही चूक खरोखर होते: आजी गोळ्या देते, केमिस्ट पाकिटावर 'रोज एक' लिहितो. वार ठरवा, स्ट्रिपवर मराठीत लिहा, घरात एकाच माणसाकडे जबाबदारी द्या. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. रक्त आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत. फुफ्फुसं धरली असतील तर मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड, आणि भागलं नाही तर रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब यांचा विचार होतो. फार आक्रमक आजारात, मोजक्या केंद्रांत, मुलाच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. त्यात फायदा मोठा आणि धोकाही मोठा. मायकोफेनोलेट आणि बोसेंटान (रक्तवाहिन्या उघडणारं औषध, ते पुढे येईल) गर्भाला घातक आहेत. वयात आलेल्या मुलीशी हे डॉक्टरांनी मोकळेपणी बोलायला हवं, आणि आईनं संकोचून विषय बदलू नये.

स्टेरॉइडबद्दल सावध राहा. सूज आणि सांधेदुखी त्यानं पटकन उतरते, म्हणून गावाकडे ते सढळ हातानं दिलं जातं. या आजारात मोठ्या डोसनं मूत्रपिंडाचं गंभीर संकट ओढवू शकतं. तज्ज्ञ देतात ते कमी डोसनं आणि मोजक्या काळासाठी. आधीच सुरू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. विनालेबलच्या पुड्या आणि चूर्णांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. घेत असाल तर लपवू नका, पुडीच दाखवा.

रेनॉडसाठी निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन. जखमा होत असतील तर सिल्डेनाफिल, बोसेंटान, किंवा रुग्णालयात भरती करून शिरेतून आयलोप्रोस्टसारखं औषध. सिल्डेनाफिल हे नाव केमिस्टकडे ऐकून वडील बिचकतात. इथे ते बोटांच्या आणि फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांसाठी आहे. ॲसिडिटीसाठी ओमेप्रॅझोलसारखी गोळी.

सर्दीसाठी मेडिकलमधून सिरप आणताना नाव वाचा. फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध रक्तवाहिन्या आवळतं. ते या मुलांना नको. अर्धशिशीसाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलोलही रेनॉड वाढवू शकतं.

औषधं सुरू होण्याआधी क्षयरोगाची तपासणी होते. घरात कुणाला टीबी असेल किंवा झाला असेल तर सांगाच. लसीचं कार्डही आधीच दाखवा: गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत जंतूंच्या असतात, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना त्या सहसा टाळतात. फ्लू आणि न्यूमोकोकलच्या लसी चालतात.

पायरी ७: घरातलं

नुसते हातमोजे पुरत नाहीत. छाती-पोट गार पडलं की मेंदू हातापायांचं रक्त आधी तोडतो, म्हणून आत बनियन, वर स्वेटर, पायात मोजे. पहाटेची शाळा असेल तर ऊब घरातून निघण्याआधीच द्या. झटका आला तर हात काखेत किंवा कोमट पाण्यात. शेगडीवर धरू नयेत, बधिर बोट भाजलेलं कळत नाही. घरात विडी-सिगारेट बंद.

फिजिओथेरपी रोजची. मेणाच्या कोमट थरात हात बुडवून लगेच बोटं ताणायची, पण उघडी जखम असताना मेण नको. तोंड उघडण्याचे, गाल ताणण्याचे व्यायाम दात घासतानाच उरकले की विसरत नाहीत. ब्रश लहान डोक्याचा घ्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे आधीच ओळख ठेवा, कारण तोंड लहान झाल्यावर दाढेचं काम अवघड होतं.

थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायला द्या. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, वर तुपाची धार. जेवून लगेच आडवं होऊ देऊ नये. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या तर रात्रीचं आंबट पाणी कमी होतं, नुसत्या जादा उशीनं तेवढं होत नाही.

लगेच निघायचं कधी

बोटाचं टोक काळं पडलं, किंवा दुखणं असह्य होऊन बोट पांढरंच राहिलं. जखमेतून पू, ताप. तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं, आकडी येणं, लघवी कमी होणं: हे मूत्रपिंडाच्या संकटाचं लक्षण असू शकतं. मुलांमध्ये ते क्वचित होतं, पण एसीई इन्हिबिटर गटाचं, बीपी उतरवणारं औषध वेळेत मिळालं तर मूत्रपिंड वाचू शकतं. पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, बसल्या जागी धाप. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि फाइल सोबत घ्या.

पुढची वर्षं

या आजारात मुलांचं भवितव्य मोठ्यांपेक्षा चांगलं असतं. बहुतेक पाहण्यांत पाच वर्षांनंतर दहातली नऊ किंवा त्याहून जास्त मुलं हयात होती. जी दगावली त्यांत हृदयाचा सहभाग ठळक होता, आणि इको-ईसीजीचा आग्रह धरायचा तो म्हणूनच. स्पायरोमेट्री साधारण दर सहा महिन्यांनी, सुरुवातीच्या वेगवान काळात त्याहून लवकर. इको वर्षातून किमान एकदा. नेमका क्रम तुमचे डॉक्टर ठरवतील, पण तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहिणं तुमचं काम. दोन-तीन वर्षांनी काही मुलांची कातडी आपोआप मऊ होऊ लागते. त्यावर समाधान मानून औषधं आणि तपासण्या सोडणारी घरं असतात, आणि फुफ्फुसं त्याच काळात घसरलेली सापडतात.

खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच भेटीत गाठा. कोणती योजना लागू होते आणि कोणती कागदपत्रं हवीत ते त्यांना ठाऊक असतं. शाळेत वर्गशिक्षकांना आजाराचं नाव, एसीपासून लांबची जागा, शौचालयात कोमट पाण्याची बाटली आणि लिहायला जादा वेळ, एवढं लेखी द्या. बोटं कायमची आखडली असतील तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. दहावीला लेखनिक किंवा जादा वेळ लागणार असेल तर शाळेमार्फत बोर्डाची परवानगी लागते, ती नववीतच विचारायला घ्या; जानेवारीत धावाधाव केली तर कागद वेळेत पुढे सरकत नाहीत.